मिरच्यांवर हेवी मेटल

रविवार, ३ जानेवारी १९९९

वर्तमानपत्रांना शतक संपवायची भलतीच घाई झाली आहे. शतकातले दहा खेळाडू, दहा नेते, दहा पूल. आजच्या पुरवणीत तर शतकातले दहा आंबे. शतक खरं म्हणजे पुढच्या वर्षाच्या अखेरीस संपतं, हे मी स्टाफरूममध्ये समजावून पाहिलं. गणिताच्या सरांनी मान डोलावली आणि माझ्या हातातून पुरवणी काढून घेतली. तेव्हा ठरवलं, आपणही एक यादी करायची. माझे आवडते दहा हेवी आणि प्रोग्रेसिव्ह मेटल अल्बम. ही यादी कुणी छापणार नाही, आणि छापलीच तर मला गिरीज गाव सोडावं लागेल.

मी प्लासिड तुस्कानो, वय चव्वेचाळीस. हायस्कुलात मराठी शिकवतो, रविवारी चर्चच्या मिस्सेत बायबलमधलं पहिलं वाचन करतो. फावल्या वेळात मी नाट्यगीतं ऐकतो असा गावाचा समज आहे. हा समज मी पसरवलेला नाही, फक्त खोडलेला नाही. या दोन्हींत नैतिक फरक किती, हा प्रश्न मी दरवर्षी पापनिवेदनाच्या रांगेत स्वतःला विचारतो. उत्तर सापडण्याआधी रांग पुढे सरकते.

कॅसेटी माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या उत्तरपत्रिकांखाली आहेत. मी त्या हेडफोन लावून ऐकतो. बायको, बेला, त्यांना 'तुझी इंग्लिश भांडणं' म्हणते आणि पुढे काही विचारत नाही. मुलगी प्रिन्सी अकरावीत आहे. तिला या प्रकाराची गंधवार्ता नाही, आणि नसावी.

पहिला क्रमांक आधीच ठरलेला आहे. कोल्ड फाउंड्री या बँडचा 'सेव्हन टाइड्स'. का, ते लिहायला बसलो आणि अडकलो. बास पातळ आहे. गायक वरच्या सुरात गेला की त्याला कुणी चिमटा काढल्यासारखं वाटतं. दुसरी बाजू म्हणजे एकच लांबलचक गाणं, आणि ते संपायला हवं तिथे संपत नाही. निःपक्षपाती परीक्षक त्याला चौथा ठेवेल. मी पहिला ठेवला आहे. पुन्हा तपासायला हवं.

गुरुवार, ७ जानेवारी

दहावा: रस्टेड चॅलिस, 'लास्ट सर्मन'. मुखपृष्ठावर बिशपची टोपी घातलेली कवटी. आपण फार भीतिदायक आहोत असं त्या कवटीला वाटतं. आतली सगळी गाणी मात्र कोळशाची खाण बंद पडल्याबद्दल आहेत. आमच्या शिक्षक संघटनेच्या पत्रकात शोभतील.

नववा: मॉथ ऑर्डिनन्स, 'अ क्वाएट ॲव्हलांच'. यात क्वाएट काहीही नाही. ढोलकऱ्याचा ठेका असा आहे की पायाने धरायला गेलो तर पाय दुसऱ्याच घरात जाऊन पडतो. मी गेली बारा-पंधरा वर्षं प्रयत्न करतो आहे. आठव्या क्रमांकासाठी दोन अल्बम भांडताहेत. एकात गिटार चांगली, दुसऱ्यात उद्देश चांगला. शाळेत मी उद्देशाला गुण देतो. इथे गिटारला दिले. माणूस किती दुटप्पी असतो.

एक विचित्र गोष्ट. मी कॅसेट ऐकली की तिथेच थांबवून ठेवतो, कधीच मागे गुंडाळत नाही. आज 'सेव्हन टाइड्स' काढली तर ती अगदी सुरुवातीला होती. माळ्यावर उंदीर आहेत, पण इतके शिस्तीचे नाहीत.

प्रिन्सीने दोन कोऱ्या कॅसेटी मागितल्या. वक्तृत्वाच्या सरावासाठी, स्वतःचा आवाज ऐकायला. लगेच पैसे दिले. या पिढीतही कुणाला वाणीची साधना करावीशी वाटते, हे ऐकून बरं वाटलं.

रविवार, १० जानेवारी

आज घोळ झाला.

गेल्या आठवड्यात चर्चमध्ये रिट्रीट, म्हणजे प्रार्थना-प्रवचनांचं शिबिर, झाली. बाहेरगावच्या प्रवचनकारांनी सांगितलं की रॉक संगीत उलटं वाजवलं की त्यात सैतान बोलतो. सुलटं वाजवल्यावर तो काय करतो, हे विचारायची सोय नव्हती. आज मिस्सेनंतर धाकट्या फादरांनी घोषणा केली. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारची राख करायला दरवर्षीप्रमाणे गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या सुक्या झावळ्या घरातल्या क्रुसामागून काढून आणायच्या. यंदा त्यांच्याबरोबर, देवापासून दूर नेणाऱ्या कॅसेटीही आणायच्या. प्रत्येक घराने निदान एक तरी. एकाच आगीत दोन्ही जाळायच्या आणि त्या राखेचा क्रूस कपाळावर घ्यायचा.

"पण कुठली कॅसेट वाईट ते कसं ठरवायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्यासाठी समिती केली आहे," फादर म्हणाले. "प्रार्थनामंडळाच्या सालोमी मावशी, युवासंघाचा रोनाल्ड आणि आपले तुस्कानो सर. सरांना इंग्रजी येतं आणि हे असलं संगीत त्यांच्या कानावर कधी पडलेलं नाही, त्यामुळे ते तटस्थ राहतील."

उभा राहून 'फादर, पडलं आहे' असं म्हणायला किती वेळ लागतो? मी चष्मा पुसला. तेवढ्यात सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले.

रविवार, १७ जानेवारी

समितीची पहिली बैठक. जागा धर्मशिक्षणाचा वर्ग, बाक पहिलीच्या मुलांचे. सालोमी मावशी सत्तरीच्या पुढच्या. त्यांची मिरच्यांची आणि केळीची वाडी आमच्या घरामागेच आहे. माझी आई आणि त्या लहानपणापासूनच्या मैत्रिणी. रोनाल्ड चोविसाचा, वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर, केस मानेपर्यंत.

लोकांनी आणून दिलेल्या कॅसेटींच्या खोक्यात काय नव्हतं! हिंदी सिनेमाची गाणी, लग्नाच्या बँडचं रेकॉर्डिंग, एका गृहस्थांनी तर बायकोची व्यायामाची कॅसेट आणून दिली होती.

"ही कशाला?" रोनाल्ड म्हणाला.

"म्हणतात घरात शांती नाय राहत तिच्यामुळे," मावशी म्हणाल्या. "ठेव बाजूला. पुढची लाव."

पुढच्या कॅसेटवर नाव नव्हतं, नुसती पेनने काढलेली लाट होती. दुसरी बाजू लावली. पहिल्या सुराला ओळखली. 'सेव्हन टाइड्स'. कॉपीची कॉपी, तिचीही बहुधा कॉपी. सगळं गोणपाटातून ऐकल्यासारखं. मी चेहरा तटस्थ ठेवला. मग गाणं मध्यावर येऊन हळू झालं. तिथे सगळी वाद्यं थांबतात आणि एकटी गिटार एकेक सूर पाण्यात सोडल्यासारखी वाजते.

"थांबव!" मावशी ओरडल्या. "ऐकलंस? बाई हाय ती."

"मावशी, सिंगर असंल."

"सिंगर असा ओरडतो? कोनाला तरी बोलावते ती. लांबनं. नरकातला आत्मा हाय." त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. "सर, तुम्ही सांगा. हाय की नाय बाई?"

बाई आहे. ती माझी आई आहे.

१९८१ साल. चुलतभाऊ आल्बर्ट बोटीवर होता. त्याने एलपी आणि रेकॉर्ड प्लेयर आणला. एलपीवरून कॅसेट करायची तर सरळ वायर जोडायची असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याच्या ओट्यावर स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि श्वास रोखून बसलो. कोंबड्या हाकलल्या, कुत्रं बांधलं, शेजारणीला खोकू नका म्हणून विनवलं. दुसरी बाजू, नेमकी ती शांत जागा, आणि वाडीपलीकडून आई: "प्लासिऽऽड! ये प्लासिड! जेवाला ये रे, भात निवला!" मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नोकरीला लागलेला मास्तर होतो. पुन्हा रेकॉर्ड करणार तोच दुसऱ्या दिवशी आल्बर्टने एलपीवर बसून तिचे दोन तुकडे केले.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "आवाज अस्पष्ट आहे. संशयास्पद म्हणून बाजूला ठेवू."

हे मी माझ्या आईबद्दल म्हणालो.

सोमवार, १८ जानेवारी

गप्प का राहिलो? सांगितलं असतं की ही माझी आई, तर पुढचा प्रश्न आला असता की आग्नेसबाई या गाण्यात कशा. मग ट्रंक, मग हेडफोन, मग नाट्यगीतं. भित्रेपणा झाला हे मान्य. पण समितीच्या सदस्याने स्वतःचा हितसंबंध सांगितला तर तो तटस्थ राहत नाही, हाही मुद्दा आहेच. (हा मुद्दा मला रात्रभर विचार करून सकाळी सापडला. त्याची लायकी तेवढीच.)

आई जाऊन सहा वर्षं झाली. फोटो आहेत. लग्नातला, प्रिन्सीच्या बाप्तिस्म्याचा, रेशनकार्डावरचा. कुठल्याच फोटोत ती तोंड उघडत नाही, प्रत्यक्षात मात्र ते मिटत नसे. आवाज फक्त त्या एका जागी आहे. याचा अर्थ अल्बम त्यामुळे पहिला आहे असा नव्हे. उलट ती सबंध अल्बममधली सर्वांत नाजूक जागा, आणि आईने तिची वाट लावली. तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर बोललो नव्हतो. पहिला क्रमांक निव्वळ सांगीतिक गुणांवर आहे. कुठले गुण, ते पुढच्या आठवड्यात लिहीन.

खरा प्रश्न हा की माझी कॅसेट गावात पोचली कशी. आल्बर्टला फोन केला. "मी? मी आता फक्त भजनं ऐकतो," म्हणाला आणि इतका हसला की फोन ठेवावा लागला. स्टेशनजवळच्या कॅसेटवाल्यावर संशय आहे. कधीतरी त्याच्याकडे टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिला होता.

प्रिन्सी जेवताना म्हणाली, "डॅडी, त्या लाटेवाल्या कॅसेटचं काय करणार?"

"तुला कसं ठाऊक लाटेचं?"

"रोनाल्ड बोलला."

रोनाल्डला समितीची गोपनीयता समजावून सांगायला हवी.

रविवार, २४ जानेवारी

मोठ्या फादरांसमोर अंतिम बैठक. गेला आठवडाभर मी एक युक्तिवाद घोटून तयार केला होता. त्यात संगीत, धर्म, सैतान, आई यांपैकी काहीच नव्हतं. मी म्हणालो, "फादर, प्लॅस्टिक जळून राख होत नाही. त्याचं डांबर होतं. ते लोकांच्या कपाळाला लावलं तर ईस्टरपर्यंत निघणार नाही."

मोठे फादर हसले. धाकट्या फादरांचा चेहरा पडला. मी जिंकलो असं मला वाटलं. जिंकणं असं असतं का, याची मला सवय नसल्यामुळे खात्री नव्हती.

"मग करायचं काय यांचं?" मोठ्या फादरांनी खोक्याकडे बोट केलं.

"मला द्या," सालोमी मावशी म्हणाल्या. "मिरच्यांवर पोपट बसतात माझ्या. आतली पट्टी काढायची, या बांबूपासनं त्या बांबूला ताणून बांधायची. वारा लागला की घुंई घुंई करते, चमकते. पाखरू जवळ येत नाय. गेल्या साली भाच्यानं बांधलेली त्याच्या वांग्यांवर."

"म्हणजे सैतानाला कामाला लावायचं," मोठे फादर म्हणाले.

"फुकट," मावशी म्हणाल्या.

ठराव आला. अनुमोदन मी दिलं. खोक्यातल्या प्रती कशाच्या तरी कॉपीच्या कॉपी, त्यांचं जे व्हायचं ते होवो. मूळ कॅसेट माझ्या ट्रंकेत सुखरूप आहे. चर्चचं समाधान, शेतीचा फायदा, माझं गुपित शाबूत. इतका समतोल निर्णय मी आयुष्यात घेतलेला नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

ट्रंकेत 'सेव्हन टाइड्स' नाही.

सगळी ट्रंक उपसली. १९८७च्या उत्तरपत्रिकाही उघडून पाहिल्या. बेला खाली तांदूळ निवडत होती.

"ट्रंकेतून कुणी काही घेतलं?"

"मी दिली एक," ती मान वर न करता म्हणाली. "रविवारी, शेवटचं खोकं गेलं त्यात. प्रत्येक घरानं एक तरी द्या म्हणालेले ना फादर. समितीवाल्याच्या घरातनं काहीच नाही, बरं दिसतं का?"

"कुठली दिलीस?"

"जी सगळ्यात झिजलेली होती ती. लेबल पन उडालेलं. म्हटलं ही खराब झालीय, ऐकत नसशील. चांगल्या चांगल्या ठेवल्या तुझ्या." मग तिने वर पाहिलं. "का रे? तोंड का असं केलंस?"

"काही नाही. बास पातळ होता तिचा."

"मग बरंच झालं," बेला म्हणाली, पण तांदूळ निवडायची थांबली.

तिला दोष कसा देऊ? मी कधी सांगितलंच नाही. शेवटचं खोकं मावशींकडे जाण्याआधी समितीने तपासायचं होतं. त्या रविवारी मी पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत होतो आणि 'पाहिले' अशी चिठ्ठी न पाहता पाठवली. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

बुधवार, ३ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर थेट मावशींच्या वाडीत गेलो. मिरच्यांचे वाफे, कडेला केळी, मधोमध बांबू, आणि बांबूंमधून ताणलेल्या तपकिरी पट्ट्या, उन्हात लखलखणाऱ्या. वारा आला की सगळ्या एकदम गुणगुणत होत्या. खर्जातला एकच जाड सूर. खोटं कशाला लिहू, बास उत्तम होता.

पण ओळखणार कशी? सिनेमाची गाणी, व्यायाम, लग्नाचा बँड, आई, सगळं तपकिरी. मी एक टोक सोडलं आणि खिशातल्या पेन्सिलीवर गुंडाळायला लागलो. पोपट शेजारच्या केळीवर बसून बघत होते.

"कोन हाय तिथे?" मावशी कोयता घेऊनच आल्या. "सर? काय चाललंय? माझी पट्टी चोरतोस?"

त्यांच्या 'सर'नंतर 'चोरतोस' आलं, तेव्हा मला पुन्हा दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. "मावशी, ती बाई नरकातली नाही."

"कुठली बाई?"

"कॅसेटमधली. ती आई आहे."

"कोनाची आई?"

"माझी. आग्नेस."

त्यांनी कोयता खाली टेकवला. "आग्नेस असल्या गान्यात कशाला जाईल?"

मग सगळं सांगितलं. आल्बर्टचा ओटा, भात, माळा, हेडफोन. सांगताना पेन्सिलीवर पट्टी गुंडाळणं चालूच होतं, हात थांबवायची हिंमत नव्हती. बोलून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हंजे तू नाट्यगीतं नाय ऐकत?"

"नाही."

"आग्नेस सगळ्यांना सांगायची, माझा प्लासिड नाट्यगीतं ऐकतो." त्या खाली बसल्या. "म्हंजे तिलापन ठाऊक नव्हतं."

की होतं, आणि तिने माझ्यासाठी ते पांघरूण शिवलं? हे मला आज पहिल्यांदाच सुचलं.

"घेऊन जा तुझी," मावशी म्हणाल्या. पण कुठली माझी? त्यांनी पट्ट्या मापाप्रमाणे कोयत्याने कापून बांधल्या होत्या. दवाने त्या सुरकुतल्या होत्या, गाठी पडल्या होत्या. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तुकडे गोळा करत बसलो. मग मावशींनीच ते माझ्या हातातून घेतले आणि पुन्हा बांबूला बांधायला लागल्या. "निदान पोपटांना तरी हाकलू दे तिला. तसा ओरडून हाकलायचा तिचा धंदाच होता."

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

दोन दिवस डोकं दुखतं असं सांगून जेवण टाळलं. आज संध्याकाळी पेपर तपासत होतो, तर प्रिन्सीने समोर एक कॅसेट ठेवली. वर पेनने काढलेली लाट.

"हे काय?"

"फर्स्ट कॉपी. तुझ्यावरनंच मारलेली. बाकी सगळ्यांनी याच्यावरनं मारली, म्हणून त्यांच्या बेकार आल्या."

"बाकी सगळे म्हणजे कोण?"

"रोनाल्ड. अनुष्का. रोनाल्डचे वालीवचे फ्रेंड्स. राजोडीचे दोघं." तिने थोडा विचार केला. "म्हणजे तसं... बरेच."

"आणि वक्तृत्व?"

"ते पन केलं ना. पहिल्या बाजूच्या शेवटी, दोन मिनटं."

मला रागवायचं होतं. चोरी, खोटेपणा, लपवाछपवी, यांतल्या कशावर आधी बोलावं ते ठरेना, कारण प्रत्येक शब्दाला आधी माझंच नाव येत होतं. शेवटी मी शिक्षकासारखा बोललो. "कॉपी करताना तो मधला आवाज तरी काढून टाकायचास. सोपं असतं ते."

"वेडा आहेस का, डॅडी? तोच तर बेस्ट पार्ट आहे." ती उंबऱ्यावर थांबली. "मला पन आजी तशीच हाक मारायची."

मुलीला संगीताची समज नाही. हेडफोन लावून ती जागा पाच-सहा वेळा ऐकली. केवळ प्रत किती स्वच्छ आली आहे हे तपासण्यासाठी.

खाली गेलो तर बेलाने ताट झाकून ठेवलं होतं. "डोकं थांबलं?" तिने विचारलं. "मला ठाऊक नव्हतं रे. तू सांगत जा ना." मग म्हणाली, "ती चिरक्या माणसाची तरी नव्हती ना?"

म्हणजे हिने गायकही ऐकला आहे. एवढ्या वर्षांत हेडफोन नक्की किती बंद होते, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

रविवार, १४ फेब्रुवारी

मीच बैठक बोलावली. दोन्ही फादर, मावशी, रोनाल्ड. खिडकीबाहेर युवासंघाची पोरं, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी उभा राहिलो आणि जे दहा जानेवारीला म्हणायचं होतं ते म्हणालो. "फादर, हे संगीत माझ्या कानावर पडलेलं आहे. वीस-बावीस वर्षं पडतं आहे. आवडतं." बाहेर कुणीतरी शीळ घातली.

मग प्रिन्सीची प्रत लावली. शांत जागा आली. एकटी गिटार, आणि वाडीपलीकडून ती, स्वच्छ, थोडी वैतागलेली.

"परत लाव," मावशी म्हणाल्या.

परत लावली. मावशींनी पदर तोंडाला लावला. मग त्या म्हणाल्या, "भात निवला म्हनते. हिचा भात कधी गरम असायचा का?" आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता थांबता येईना.

धाकट्या फादरांनी घसा साफ केला. "पण बाकीचं गाणं...?"

"बाकी सैतानाचं असंल," मावशी म्हणाल्या. "त्याचं त्याला बघू दे. तुम्ही झावळ्या जाळा."

मोठ्या फादरांनी समिती आभार मानून विसर्जित केली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, नाट्यगीतांचं कळल्यावर मी तुम्हाला एकदा आमच्या कार्यक्रमात गायला बोलावणार होतो. देवाने वाचवलं."

"कुणाला, फादर?"

"ते त्यालाच विचारा."

बुधवार, १७ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

यादी पूर्ण केली. दहापासून दोनपर्यंत प्रत्येकापुढे कारण लिहिलं आहे, काहींपुढे दोन दोन. पहिल्यापुढची जागा कोरी राहिली. बास अजूनही पातळ आहे, गायक अजूनही चिमट्यात आहे, आणि तरीही क्रमांक हलत नाही. परीक्षक म्हणून हे मला शोभत नाही. पेपर असता तर फेरतपासणीला पाठवला असता.

संध्याकाळच्या मिस्सेला गेलो. राख निव्वळ झावळ्यांची होती, मऊ, करडी. मोठ्या फादरांनी कपाळावर क्रूस केला, "तू माती आहेस" म्हणाले, आणि मला वाटतं डोळा मारला. पण राख डोळ्यांत गेली होती, त्यामुळे शपथेवर सांगता येणार नाही.

आज उपवास. सकाळपासून पोटात फक्त चहा. पायऱ्या उतरून बाहेर आलो, तर क्रुसापाशी रोनाल्ड आणि त्याची टोळी मोटरसायकली लावून उभी. सगळ्यांच्या कपाळावर राख. त्यांत दोघंतिघं माझे माजी विद्यार्थी. एकाच्या हातात टेपरेकॉर्डर, आवाज बारीक, पण मला ओळखायला तेवढा पुरे होता. दुसरी बाजू, मध्य. प्रिन्सी त्यांच्यात उभी होती आणि माझ्याकडे बघत नसल्यासारखं करत होती. वाद्यं एकेक करून थांबली. गिटार एकटी राहिली. आणि ती सगळी पोरं, राखेच्या बुधवारी, चर्चच्या दारात, एका सुरात ओरडली:

"प्लासिऽऽड! ये प्लासिड! जेवाला ये रे, भात निवला!"

सालोमी मावशी पायऱ्यांवरच थांबल्या. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांचा शिक्षक आहे. मला असं एकेरी नावाने हाक मारल्याबद्दल, शिवाय उपवासाच्या दिवशी भाताचं नाव काढल्याबद्दल, मी त्यांना तिथल्या तिथे झापायला हवं होतं.

"आलो," मी म्हणालो.